कालव्याकडचा पट्टा

२७ फेब्रुवारी
सकाळी शेतात खत पडलं. आठही पट्ट्यांना सारखं, आणि आठही पट्ट्यांना नेहमीपेक्षा एक तृतीयांश कमी. उरलेल्या गोण्या गोठ्यात रचून ठेवल्या. त्या यंदा वापरायच्याच नाहीत, सगळा प्रयोग त्यावरच उभा आहे. चार पट्टे कोरे राहतील. चार पट्ट्यांवर मी माझं शेवाळ तीनदा फवारीन. कमी नत्र मिळूनही शेवाळाचे पट्टे कोऱ्यांपेक्षा पुढे गेले, तर ऑगस्टमध्ये धान्य-संघ आपल्या सभासदांसाठी ते घेईल. नाही गेले, तर शेवाळ वाढवायच्या माझ्या काचेच्या नळ्या बंद.

बाबा बांधावर उभे राहून बघत होते.

"म्हणजे गव्हाला अर्धपोटी ठेवायचं आणि वरून तुझं पालकाचं सूप पाजायचं."

"अर्धपोटी नाही बाबा, एक तृतीयांश कमी."

"ज्याच्या ताटातलं जातं त्याला विचार."

ते अठरा वर्षं गावच्या सामुदायिक शेतीचे कृषी अधिकारी होते. गहू उपाशी ठेवणं त्यांच्या हाडात बसत नाही. जेवताना मात्र खुलले. जिल्ह्याचे साहेब पाहणीला यायचे तेव्हा रस्त्याकडेच्या गव्हाला दुप्पट खत कसं द्यायचे, ते सांगत होते. "साहेब गाडीतून उतरून आत कधी जातो? सत्तर फुटांपर्यंत बघतो, डोकं हलवतो, हंगेरीचा गहू जगात पहिला म्हणतो आणि जेवायला बसतो." मी खूप हसले. आई गेल्यापासून ते इतके बोलले नव्हते.

११ मार्च
नळ्यांमधला रंग चांगला आहे. जुन्या दूध-संकलनाच्या खोलीत आता दुधाचा वास येत नाही, तळ्याचा येतो. लोकांना वाटतं मी काहीतरी औषध बनवते. हे औषध नाही, खतही नाही. डोळ्यांना न दिसणारं एक हिरवं जीवन आहे. ते पानांवर पडलं की झाडाला वाढीचा इशारा मिळतो, मुळं खोल जातात, फुटवे वाढतात. हे मी काचेच्या भांड्यात शंभरदा पाहिलं आहे. शेतात एकदाही नाही. मला दिसतं ते गव्हात आहे की माझ्या इच्छेत, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. तो विचारणं हेच माझं काम आहे असं मानते.

घटस्फोटानंतर द्यॉर शहरातला फ्लॅट विकला, तो या नळ्यांत गेला. संघाने नाही म्हटलं तर पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कुणाच्या तरी प्रयोगशाळेत भांडी धुण्यापासून सुरुवात. हे बाबांना बोलले नाही, पण त्यांना हिशेब येतो.

२८ मार्च
पहिली फवारणी. हलक्या ट्रॅक्टरने मीच केली. वारा पडलेला होता. चारही पट्टे, कालव्याकडचा धरून. तिथली जमीन मऊ आहे, चाक थोडं बुडलं, पण निघालं.

६ एप्रिल
व्हिएन्नाच्या शेती-प्रदर्शनातून परतले. तीन दिवस एका मोठ्या सभागृहात, एका उंच टेबलामागे, हिरव्या बाटल्या मांडून उभी होते. एका गृहस्थांनी विचारलं की हे पिता येतं का. येतं म्हटलं तर ते बाटली उघडायला लागले.

घरी बाबा प्रसन्न. अंगण झाडलेलं, माझी खिडकी पुसलेली, भोपळी मिरचीची रोपं लावलेली. गोठ्यातल्या गोण्या दिसल्या नाहीत. विचारलं, तर म्हणाले, केलेमेनला देऊन टाकल्या.

"केलेमेनकाकांना? तुम्ही?"

"वापरायच्या नव्हत्याच ना. दगड होईपर्यंत ठेवायच्या?"

त्यांचं आणि शेजारच्या केलेमेनकाकांचं सामुदायिक शेती मोडून झालेल्या जमीनवाटपापासून बोलणं बंद आहे, म्हणजे मी शाळेत होते तेव्हापासून. मला फार बरं वाटलं. माणूस थकला की वैरंही थकतात. मात्र ते हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. संकोचले असावेत. मी विषय वाढवला नाही.

१३ एप्रिल
पाऊस नाही. गहू एकसारखा फिकट पिवळा. पट्टे झेंड्यांशिवाय ओळखू येत नाहीत. पहिल्या फवारणीनंतर इतक्यात फरक दिसायला नकोच, तरी मन धास्तावतं. बाबा आकाशाकडे माझ्याहून जास्त बघतात. काल तीनदा विचारलं, "तुझ्या फोनवर काय म्हणतोय, पाऊस आहे का?" प्रयोगात त्यांचा जीव इतका गुंतला असेल असं मला वाटलं नव्हतं.

१५ एप्रिल
पाऊस झाला. चांगला, हळू, दिवसभर. बाबांनी द्राक्षाच्या दारूचा छोटा पेला मला दिला आणि स्वतः दोन घेतले.

२९ एप्रिल
दुसरी फवारणी. आणि दिसलं.

तीन पट्टे गडद हिरवे. सुरुवातीला वाटलं ढगाची सावली आहे. ढग गेला तरी रंग तसाच. मी बांधावर बसून राहिले. इतकी वर्षं मनातल्या मनात ज्याची भीक मागितली ते समोर उभं होतं आणि मी झेंडे पुन्हा पुन्हा मोजत होते.

बाबा मागून आले. गव्हाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "बघ. लागलं ना कामाला."

"तुम्हाला विश्वास नव्हता."

"मला गव्हावर विश्वास आहे."

६ मे
नोंद, विचार करण्यासाठी. गडद रंग माझ्या झेंड्यांच्या आत थांबत नाही. दोन्ही बाजूंना चार-चार पावलं कोऱ्या पट्ट्यात गेलेला आहे. फवारा उडून गेला म्हणावं, तर वारा एकाच बाजूला नेतो, दोन्हीकडे नाही. कदाचित जमिनीतून काही पसरत असेल, मुळांच्या आसपासचे जिवाणू वगैरे. तसं असेल तर हे फारच मोठं आहे, वेगळा शोधनिबंध होईल.

नत्रासाठी मातीचे नमुने पाठवावेत का? प्रयोगशाळेत या दिवसांत गर्दी असते, निकाल जूनमध्ये येईल. नंतर पाहू.

११ मे
कालव्याकडच्या चौथ्या पट्ट्याने त्रास दिला आहे. तोही शेवाळाचाच आहे, पण बाकीच्या तिघांसारखा गडद नाही. शेजारच्या कोऱ्यापेक्षा जरा बरा. फुटवे मोजले, थोडे जास्त आहेत. डोळ्याला मात्र काही दिसत नाही. तिघांच्या ओळीत हा बसवला की सरासरी खाली येते आणि चढउतार इतका दिसतो की कुणीही परीक्षक नाक मुरडेल.

तिथे जमीन पाणथळ आहे, हे खरंच आहे. मार्चमध्ये चाक बुडालं होतं, त्याची नोंद आहे. पाणथळ जागेचा पट्टा वगळणं अगदी रीतसर आहे. तरी मी दोन दिवस स्वतःला विचारलं: तो गडद असता तर वगळला असता का? उत्तर असं दिलं की, असता तर पाणथळपणाचा परिणाम झालेला नसता, म्हणजे वगळायचं कारणच नसतं.

वगळला.

१९ मे
तिसरी फवारणी, ओंब्या बाहेर पडताना. तीन पट्ट्यांवर. चौथ्यावरही केली, टाकीत उरलं होतं म्हणून.

२ जून
धान्य-संघाचे पीकप्रमुख तार्नोत्सी आले. रुंद, सावकाश चालणारा माणूस. रस्त्यावरच थांबतील असं मला वाटलं होतं, ते सरळ आत शिरले. एक पान तोडलं, दुमडलं, उन्हात धरलं.

"डॉक्टरबाई, रंग सुरेख आहे."

"आभारी आहे."

"फारच सुरेख." मग कालव्याकडे बोट केलं. "आणि तो? तिथेही झेंडे आहेत."

मी पाणथळ जमिनीचं सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि तिथे जाऊन उभे राहिले. तीन गडद पट्ट्यांसमोर जितके थांबले नव्हते तितके त्या फिक्या पट्ट्यात थांबले. एक रोप उपटून मुळं बघितली. चेहरा घेण्याआधी खोट शोधणाऱ्या गिऱ्हाइकासारखा. माझ्या मनात आलं, हे दुबळा पट्टा बघताहेत, त्यावरून भाव पाडतील.

जेवायला बाबांनी स्वतः माशाचं कालवण केलं, लाल मिरचीचं, घाम फुटेल असं. बाबा आणि ते जुन्या सामुदायिक शेतीबद्दल बोलत बसले.

"तेव्हाचा रस्त्याकडचा गहू," तार्नोत्सी म्हणाले, "माझ्या वडिलांच्या गावातही असाच दिसायचा, आंब्रुशकाका. अगदी असाच."

बाबांनी त्यांचा पेला भरला. "मासा घ्या. गार होतो."

जाताना म्हणाले की वजनं कळवा, ऑगस्टमध्ये बसू. मला वाटतं झालं. मोठ्याने लिहायला भीती वाटते.

२१ जून
वादळ. शेवाळाचे तिन्ही पट्टे लोळले. कोरे ताठ उभे. बाबा सकाळपासून बाहेर पडले नाहीत. मी त्यांना समजावलं की ओंब्या जड झाल्या म्हणून कांड्या वाकल्या, हे एका अर्थी चांगलंच लक्षण आहे. ते म्हणाले, "हो, जड आहेत." अंगणात जाऊन मिरच्यांना पाणी घालत बसले. पाऊस पडून गेलेला असताना.

१० जुलै
कापणी. लोळलेला गहू उचलायला यंत्रवाल्याला वेळ लागला, तो शिव्या देत होता. तरी तिन्ही पट्ट्यांचं वजन कोऱ्यांपेक्षा बरंच जास्त. दाण्यातलं प्रथिनही जास्त. काट्यावरच्या माणसाने आकडा दोनदा वाचला, कारण मी त्याला दोनदा वाचायला लावला.

चौथा पट्टा वगळलेलाच होता, म्हणून यंत्रवाल्याला सांगितलं की तो कडेच्या गव्हाबरोबर काप. त्याला घाई होती, एक फेरा वाचला.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आता तुला कुठे जावं लागणार नाही ना?" मी म्हटलं, नाही. ते लवकर झोपायला गेले.

४ ऑगस्ट
मनातून आज मी हे लिहू नये असं वाटतं आहे, म्हणून लिहिते.

पुढच्या वर्षी मोठं क्षेत्र लागेल म्हणून केलेमेनकाकांकडे गेले. त्यांचं शेत आमच्याला लागून आहे, सपाट आहे. हातात चरबीच्या खाऱ्या पाववड्या, घरी भाजलेल्या. ते दारातच उभे राहिले. मी म्हटलं, बाबांनी दिलेलं खत तुम्ही घेतलंत, आमच्या घरात सगळ्यांना आनंद झाला.

"कसलं खत?"

"वसंतातलं. गोण्या."

"पोरी, तुझ्या बापाने मला आयुष्यात एकच गोष्ट दिली. वाटपाच्या दिवशी मोजणीची दोरी धरली आणि एक पाण्याखालचा तुकडा दिला. दुसरं काही दिलं असतं तर मला आठवलं असतं." पाववड्या मात्र घेतल्या. एक खाल्ली. "त्या दिवसांत तो खत टाकत होता तुमच्या शेतात. तू नव्हतीस. मी म्हटलं, म्हातारा पुन्हा साहेबांची तयारी करतोय."

घरी येताना मी शेतातून आले नाही. रस्त्याने आले.

बाबा मिरच्या-टोमॅटो परतत होते. मी विचारलं. त्यांनी चूल बारीक केली.

"टाकलं."

"का?"

"बघवत नव्हतं. सगळे पट्टे पिवळे. तुझे आणि कोरे, काही फरक नाही."

"एका फवारणीनंतर फरक दिसत नसतो, बाबा. तो मेमध्ये दिसतो."

"ते मला काय माहीत? मला खत माहीत आहे. तार्नोत्सी आला असता, बघितलं असतं, टोपी घालून गेला असता. मग तू काय केलं असतंस?"

"हरले असते."

"आणि ते मी बघत बसायचं? परक्या साहेबांसाठी अठरा वर्षं टाकलं. स्वतःच्या मुलीसाठी टाकायचं नाही?"

त्यांच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. मी नाराज का आहे, एवढंच कोडं होतं, जशी मी त्यांनी आणलेली भेट उघडून बाजूला ठेवली आहे. मी विचारलं, चारही पट्ट्यांना टाकलं का.

"तीनच. कालव्याकडे मशीन रुतलं असतं." मग, जणू माफी मागत, "तो राहिला. त्याचं वाईट वाटलं मला."

५ ऑगस्ट
कालव्याकडचा पट्टा.

शेवाळ मिळालेला, जादा खत न मिळालेला, एकच. फुटवे थोडे जास्त. मुळं कशी होती, मला माहीत नाही; तार्नोत्सीने बघितली, मी नाही बघितली. वजन नाही. माझा खरा प्रयोग अठरा मीटर रुंदीचा होता आणि तो कडेच्या गव्हात मिसळून गेला.

कदाचित शेवाळाने काम केलं. थोडंसं. थोडंसं म्हणजे पुरेसं असतं, मी कधीही जास्त म्हटलं नव्हतं. आता ते कुणालाच कळणार नाही, मलासुद्धा. बाबांनी माझं अपयश झाकलं असतं तर सहन झालं असतं. त्यांनी बहुधा माझं यश गाडलं.

मेमध्ये मातीचे नमुने पाठवले असते तर तेव्हाच कळलं असतं. पण प्रयोगशाळेत तेव्हा खरंच गर्दी होती.

१२ ऑगस्ट
तार्नोत्सींच्या कार्यालयात गेले. सगळं सांगितलं. गोण्या, तीन पट्टे, बाबा. ते ऐकत होते, पण नवीन काही ऐकत असल्यासारखे नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

"डॉक्टरबाई, नत्राचा रंग मला झोपेतही ओळखता येतो. खताचं यंत्र चोवीस मीटर फेकतं, तुमचा फवारा अठरा. तुमचे झेंडे गडद पट्ट्याच्या आत उभे होते."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुम्हालाही माहीत आहे."

हे ऐकून मला जे झालं ते कसं लिहावं कळत नाही. मी तसं नाही असं सांगायला तोंड उघडलं आणि त्याऐवजी म्हटलं, "कालव्याकडचा पट्टा खरा होता. त्याला खत मिळालेलं नव्हतं. तो कोऱ्यापेक्षा बरा होता."

"होता. मुळं छान होती, मी बघितली. मी त्याच्यासाठीच वाट बघत होतो. वजन किती आलं?"

वजन केलंच नाही, हे मी सांगितलं.

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले की संघाने गेल्या आठवड्यातच दुसऱ्या एका परदेशी उत्पादनाशी ठरवून टाकलं आहे. तेही शेवाळच. तुम्ही त्यांचे प्रयोग बघितलेत का, असं मी विचारलं.

"फोटो बघितले. तुमच्यासारखेच गडद."

"मग ते कसे चालतात?"

"ते सांगायला येत नाहीत."

दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, एका वर्षाचं, खरं, चार पट्ट्यांचं वजन आणा, मी अजून इथेच असेन. हे सहानुभूतीने म्हटलं की सवयीने, मी ठरवू शकले नाही.

३० ऑगस्ट
चारांपैकी तीन नळ्या रिकाम्या केल्या. हिरवं पाणी मोरीतून वाहून गेलं. एक ठेवली आहे. द्यॉरच्या एका पाणी-तपासणी केंद्रात अर्धवेळ काम मिळालं. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू कशाला गेलीस त्याच्याकडे? तो सही करणार होता." त्यांना अजून वाटतं की तो सही करणार होता.

१८ सप्टेंबर
ते माझ्याशी नेहमीसारखं वागतात. मी त्यांच्याशी सभ्यपणे वागते. सभ्यपणा त्यांच्या लक्षात आला आहे. काल सूप वाढताना म्हणाले, "पाहुण्यासारखी 'धन्यवाद' म्हणू नकोस."

२ ऑक्टोबर
केलेमेनकाका शेत द्यायला तयार आहेत, आठ पट्टे, एक वर्ष. भाडं नको. एकच अट: आंब्रुशचं, म्हणजे बाबांचं, पाऊल त्यांच्या जमिनीवर पडता कामा नये.

मी लगेच हो म्हटलं. नंतर तपासून पाहिलं की हे रागातून तर नाही. नाही. प्रयोगाच्या दृष्टीने हेच योग्य आहे. ज्याने एकदा हस्तक्षेप केला त्याला शेतापासून दूर ठेवणं कोणत्याही पद्धतीत बसतं. केलेमेनकाकांनी अट घातली नसती तरी मी ती घातली असती.

९ ऑक्टोबर
बाबांना मी सांगणार होते, योग्य वेळ बघून. त्यांना बेकरीत कळलं. पाव घेऊन आले, टेबलावर ठेवला, कोट काढला नाही.

"केलेमेनच्या शेतात."

"हो."

"मी येऊ नये, असं."

"प्रयोगासाठी, बाबा."

"कळलं." पावाची पिशवी घडी घालत, "पेरणी कोण करणार? तुला खोली लावता येत नाही, तू दोन बोटं जास्त खोल टाकतेस."

"यंत्रवाला करेल."

त्यांनी पावाचा कडेचा तुकडा कापला, मला दिला, आणि सुरी पुसून ठेवली.

१४ ऑक्टोबर
आज पेरलं. जमीन चांगली होती, ओलावा नेमका. आठ पट्टे, झेंडे मीच रोवले. कुठले चार शेवाळाचे, ते फक्त मला ठाऊक आहे.

सकाळी निघताना बाबा स्वयंपाकघरात बाकावर बसून शेतातले बूट घालत होते. एक घातला, नाडी बांधली. दुसरा हातात धरून थांबले. त्यांनी पहिल्या बुटाची नाडी सोडली आणि दोन्ही बूट दाराशी, टाचा जुळवून, नीट ठेवले. मी ते बूट ओलांडून बाहेर पडले.